रोग्यांची माउली सावित्रीबाई

वैनगंगेच्या काठावरच्या आमच्या बालाघाटात दुखणे जरा वाढले की घरची माणसे गोंदियाची किंवा नागपूरची वाट धरतात. पण सर्वांनाच ती वाट धरता येत नाही. एखाद्याजवळ भाड्याचे पैसे नसतात. एखादीला घरी लहान लेकरे असतात, आणि नवऱ्याचा रोज बुडाला तर संध्याकाळी चूल पेटायची नाही अशी तिची स्थिती असते. बैहरच्या जंगलातून आलेल्या बैगा किंवा गोंड बाईला डॉक्टर काय विचारतो ते कळत नाही आणि तिचे दुखणे डॉक्टरला कळत नाही. पुष्कळांना तर दवाखान्याचीच भीती वाटते. तेथे गेलेला माणूस परत येत नाही असे त्यांनी लहानपणापासून ऐकलेले असते. म्हणून रोगी आणि औषध यांच्यामधले अंतर मैलांत मोजून भागत नाही. गरिबी, भीती, लाज, भाषा आणि जात ही त्या अंतराची खरी मापे आहेत, असे आमच्या ध्यानात आले आहे.

हे अंतर आपल्या दोन पायांनी तोडणाऱ्या एका स्त्रीचे चरित्र आम्ही या महिन्यात वाचकांपुढे ठेवीत आहो. सावित्रीबाई फुले हे नाव कोणास ठाऊक नाही? मुलींची पहिली शिक्षिका म्हणून शाळाशाळांतून ३ जानेवारीला त्यांची जयंती होते. पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ साली त्यांचे नाव देण्यात आले. परंतु त्यांनी देह कसा ठेवला हे विचारले तर पुष्कळांना सांगता येत नाही. त्या शिकवता शिकवता नव्हे, तर रोग्यांची सेवा करता करता मरण पावल्या. त्यांच्या आयुष्याचा हा शेवट अचानक आलेला नव्हता. त्याची तयारी पन्नास वर्षे चालली होती.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे पाटील हे गावचे प्रतिष्ठित शेतकरी होते. १८४० साली, वयाच्या नवव्या वर्षी, पुण्याच्या जोतीराव फुल्यांशी त्यांचे लग्न झाले. त्या वेळी त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीराव पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील मिस सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. मिस फरार या अमेरिकन मराठी मिशनच्या शिक्षिका. परक्या देशातून आलेली एक अविवाहित बाई आपल्या मुलींना शिकवते आणि आपण स्वस्थ बसतो, ही गोष्ट त्या तरुणाच्या मनाला लागली. त्यांनी पत्नीला घरी शिकवले. पुढे सावित्रीबाईंनी अहमदनगरास मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यास मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. आपल्या मिशनऱ्यांच्या शाळांतून काय काय निघाले याचा हिशेब करताना आम्ही बहुधा बाप्तिस्मे मोजतो. सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. तरी त्या शाळांतून बाहेर पडलेला तो एक दिवा किती घरांना उजेड देऊन गेला, हे आम्ही कृतज्ञतेने आठवले पाहिजे.

१८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शाळेला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई, ही गोष्ट शब्बाथ शाळेतील मुलांनाही माहीत असते. १८४९ साली सासऱ्यांनी समाजाच्या भीतीने या दोघांना घराबाहेर काढले, तेव्हा उस्मान शेख यांच्या घरी त्यांना आसरा मिळाला, आणि त्याच घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबत शिकवू लागल्या. शाळांचा इतिहास मोठा आहे. तो आम्ही येथे सांगत नाही. शाळेच्या पलीकडे या स्त्रीने कोणती दारे उघडली, तेवढेच पाहू.

त्या काळी उच्चवर्णीय घरांत बालविधवांचे हाल पाहवत नसत. एखादी विधवा फसली, तिला दिवस गेले, तर तिला वैद्य नव्हता, सुईण नव्हती आणि माहेरही नव्हते. विहीर किंवा गळफास एवढेच तिला उरत असे. नाही तर जन्मलेल्या लेकराचा गळा दाबून तिला तुरुंगाची वाट धरावी लागे. गावात सुईणी नव्हत्या असे नाही. पण लाजेमुळे या बाईला सुईणीपर्यंत पोहोचता येत नव्हते. १८६३ साली फुले पतिपत्नींनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. कोणाही विधवेने गुप्तपणे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवावे, कोणी तिला काही विचारणार नाही, अशी ती व्यवस्था होती. १८८४ सालापर्यंत तेथे पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. त्यांची बाळंतपणे काढणारी, त्यांना शेक देणारी आणि लेकरांना न्हाऊमाखू घालणारी होती सावित्रीबाई. ज्या बायकांना समाज ओळखही देत नव्हता त्यांची त्या आई झाल्या.

तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या निपुत्रिक दांपत्याने १८७४ साली दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. त्याला त्यांनी शिकवून डॉक्टर केले. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. जन्मताच ज्याला मारून टाकायचे तो मुलगा पुढे लोकांचे प्राण वाचवण्यास उभा राहिला.

१८६८ साली जोतीरावांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. आम्ही हे वाचतो तेव्हा त्यात समतेची गोष्ट पाहतो, आणि ती आहेच. पण ती आरोग्याचीही गोष्ट आहे. उन्हाळ्यात ज्यांना स्वच्छ पाणी मिळत नाही त्यांच्याच वस्तीत पटकी आधी शिरते. पाण्याला बंदी म्हणजे रोगाला मोकळीक. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूर गावी राहून काम करीत होत्या. उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय करण्यात दोघांनीही कष्ट घेतले.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधोपचार केले आणि सावित्रीबाईंनी शुश्रूषा केली. जोतीराव डाव्या हाताने लिहिण्यास शिकले आणि त्यांनी आपला शेवटचा ग्रंथ तसा पुरा केला. घरात पैसा नव्हता. गरिबाच्या घरी लांबलेले दुखणे म्हणजे काय, हे सावित्रीबाईंनी या दोन वर्षांत अंगावर सोसून जाणले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. टिटवे कोणी धरावे यावर भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालू लागल्या. असे करण्याचे धैर्य त्या काळच्या स्त्रीत कोठून आले असेल! त्यानंतर सत्यशोधक समाजाचे कामही त्यांनी पुढे चालवले.

आता आम्ही त्या शेवटच्या वर्षाकडे वळतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात चमत्कारिक ताप दिसू लागला. काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि रोगी थोड्याच दिवसांत दगावे. गोमंतकीय डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग, असल्याचे निदान केले. मांडवीचा तो भाग दाटीचा होता. गोदामांतून धान्य होते आणि धान्यात उंदीर होते. गिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून व घाटावरून आलेले मजूर एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा राहत. रोग अशा ठिकाणी प्रथम पोहोचतो आणि औषध तेथे सर्वांच्या मागून पोहोचते.

सरकारने रोग्यांना इस्पितळात नेण्यास आरंभ केला. पण लोकांनी रोगी लपवले. यात त्यांचे अडाणीपण होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्यांच्या जागी उभे राहून पाहावे. इस्पितळ दूर होते. रोगी फार उशिरा तेथे पोहोचे, म्हणून बहुतेक मरत, आणि म्हणून लोकांस वाटे की तेथे मारतातच. कोणत्या जातीच्या माणसाच्या हातचे पाणी मिळेल याची त्यांना धास्ती होती. स्त्रियांना परक्या पुरुषाने हात लावावा ही कल्पना असह्य होती. घरातील एकाला नेले की बाकीच्यांना छावणीत ठेवीत. मग रोज बुडे आणि घरातील चीजवस्तू जाळली जाई. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. आपल्या माणसांना वाचवण्यासाठी बांधलेल्या घरावर लोक दगड घेऊन जातात, याचा अर्थ ते घर त्यांचे आहे असे त्यांना कोणी पटवून दिले नव्हते.

१० जानेवारी १८९७ रोजी डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत आपण तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच शरीरात टोचून घेतली. विज्ञान आपले काम करीत होते. पण गरिबाच्या दारापर्यंत ते कोण नेणार?

त्याच सुमारास आमच्या मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला होता. पंडिता रमाबाई इकडे येऊन निराधार मुलींना गोळा करून नेत होत्या. परंतु पुण्यात प्लेग शिरल्यामुळे त्या मुलींना शहरात ठेवण्यास बंदी झाली, आणि रमाबाईंनी त्यांना केडगावच्या शेतावर नेले. आज जेथे मुक्ती मिशन उभे आहे तेच ते ठिकाण. आमच्या भागातील भुकेली लेकरे आणि पुण्यातील प्लेगचे रोगी अशी त्या एकाच वर्षाने एकमेकांशी जोडली गेली आहेत.

पुण्यात साथ पसरली तेव्हा सावित्रीबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. ज्यांच्याजवळ पैसा होता ते शहर सोडून गेले. सावित्रीबाई गेल्या नाहीत. डॉ. यशवंत त्या वेळी लष्करात वैद्यकीय नोकरीवर होते. त्यांना त्यांनी बोलावून घेतले. ते रजा काढून आले. एकुलत्या एका मुलाला साथीतून दूर ठेवावे असे कोणत्या आईला वाटणार नाही? या आईने त्याला साथीतच बोलावले. यशवंतांचे सासरे ग्यानोबा ससाणे हे हडपसरचे. तेथे शहराबाहेर, मोकळ्या हवेत, ससाण्यांच्या मळ्यात आईने व मुलाने रोग्यांसाठी दवाखाना उघडला.

या दवाखान्यात असे काय होते जे दुसरीकडे नव्हते? औषध म्हणावे तर प्लेगवर खात्रीचे औषध त्या काळी जगात कोठेच नव्हते. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो हे फ्रेंच डॉक्टर पॉल लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवून दिले, आणि त्यावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन पुढे १९४० नंतरच्या दशकात हाती आले. ससाण्यांच्या मळ्यात बाज होती, पाणी होते, पेज होती, गाठ धुऊन बांधणारा डॉक्टर होता. पण त्याहून अधिक म्हणजे तेथे कोणाची जात विचारली जात नव्हती. रोग्याची भाषा बोलणारी माणसे होती. स्त्रियांची सेवा करायला एक आजीच्या वयाची स्त्री होती. आणि ज्याला येता येत नाही त्याला आणायला तीच बाई स्वतः जात होती. वस्त्यावस्त्यांतून फिरून ती रोगी शोधीत असे. लपवलेला रोगी शिपायाला जो सापडत नसे तो तिला सापडे, कारण तिच्यापुढे लोक दार लावून घेत नसत. पन्नास वर्षे तिने त्या दारांत उभे राहून विश्वास मिळवला होता.

अशीच एके दिवशी त्यांना बातमी लागली की मुंढव्याच्या गावाबाहेरील महारवाड्यात गायकवाडांच्या घरच्या एका मुलाला प्लेग झाला आहे. त्या वस्तीत गाडी पाठवणारे कोणी नव्हते आणि शिवणारे तर नव्हतेच. सावित्रीबाई तेथे गेल्या. त्यांनी त्या मुलाला आपल्या पाठीवर घेतले आणि चालत हडपसरच्या दवाखान्यात आणले. मुलाचे अंग तापाने पोळत असेल. सहासष्ट वर्षांच्या बाईचे गुडघे किती वेळा थांबा म्हणाले असतील. त्या थांबल्या नाहीत.

यात त्यांना स्वतःलाच प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंनी प्राण सोडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखाली घरझडती सुरू झाली. गोरे सोजीर बुटांसह देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरत. स्त्रियांना बाहेर काढून तपासले जाई. हेतू साथ हटवण्याचाच होता, आणि काही उपाय योग्यही असतील. पण लोकांची मने फाटली, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, अशी तक्रार पंडिता रमाबाईंनीही त्या उन्हाळ्यात मुंबईच्या बॉम्बे गार्डियन पत्रात उघडपणे केली. ख्रिस्ती स्त्री म्हणून सरकारची बाजू घ्यावी असे त्यांना वाटले नाही. एकाच शहरात, एकाच साथीत, रोग्याकडे जाण्याच्या या दोन रीती होत्या. एका रीतीत संगीन होती आणि दुसरीत पाठ होती. पहिल्या रीतीला पुष्कळ सत्ता असूनही लोक पळाले. दुसरीजवळ काहीच नसताना लोक आपले लेकरू तिच्या स्वाधीन करीत होते.

डॉ. यशवंत यांनी आईचा धडा विसरला नाही. १९०५ साली पुन्हा प्लेगची साथ आली तेव्हा रोग्यांची सेवा करीत असताना त्यांनाही त्याच रोगाने नेले.

हे सर्व सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे असे कोणी म्हणेल. प्लेग गेला, आता औषधे आहेत, सरकारी दवाखाने आहेत. खरे आहे. पण मधले अंतर सर्वत्र मिटले आहे काय? अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात मोठमोठ्या शहरांतून मेक्सिको व दक्षिणेकडील देशांतून आलेली स्पॅनिश बोलणारी लाखो कष्टकरी माणसे राहतात. तेथील इस्पितळे जगात नावाजलेली आहेत. तरी भाषा येत नाही, विमा नाही, सुटी मागितली तर काम जाईल, कागदपत्रे विचारली तर काय सांगावे, या भीतीने पुष्कळजण दुखणे अंगावर काढतात. २०२० साली कोविडची साथ आली तेव्हा आपल्या शहरांतूनही तपासणीच्या भीतीने ताप लपवणारी माणसे आम्ही पाहिली. रोगाचे नाव बदलते. दाराबाहेर उभा असलेला माणूस बहुधा तोच असतो.

प्रिय वाचकहो, शुभवर्तमानातील कफर्णहूमची गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. पक्षघाती मनुष्याला बरे करणारा प्रभू त्याच गावात, त्याच घरात होता. तरी तो मनुष्य त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता, कारण मध्ये गर्दी होती. ती गर्दी वाईट लोकांची नव्हती. ते वचन ऐकायला आलेले भाविक लोक होते. पण त्यांच्या पाठी दाराकडे होत्या. चौघांनी त्याला उचलून आणले आणि छप्पर उसकून खाली सोडले. त्या चौघांची नावे लिहिलेली नाहीत. आम्ही शब्बाथ शाळेत हा धडा शिकवतो तेव्हा बरे झालेल्या माणसाबद्दल बोलतो. कधी मुलांना असेही विचारावे की, त्या दिवशी आपण त्या घरात असतो तर कोठे असतो? गर्दीत, की बाजेच्या कोपऱ्याशी?

मंडळीला इस्पितळ बांधता येईलच असे नाही. परंतु एखाद्या बाईला तारखेच्या दिवशी सोबत करणे, तिचे लेकरू दोन तास सांभाळणे, डॉक्टरने सांगितलेले तिच्या बोलीत समजावून देणे, भाड्याला थोडी मदत करणे, आणि बरी होऊन येईपर्यंत तिच्या घरी भाकर पोहोचती करणे, एवढे कोणत्याही मंडळीला करता येते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आपल्या वर्गातील मुलांची घरे माहीत असतात. कोणत्या घरात कोण किती दिवस खोकते आहे हे पाळकांच्या आधी त्यांना कळते. त्यांनी ते मनात ठेवू नये.

सावित्रीबाई प्रभूच्या मंडळीतील नव्हत्या. तसा तो शोमरोनीही वचन जाणणाऱ्यांतला नव्हता. तरी शेजारी कोण, या प्रश्नाचे उत्तर म्हणून प्रभूने त्यालाच पुढे केले. मुंढव्याहून हडपसरकडे पाठीवर लेकरू घेऊन चाललेली ती वृद्ध स्त्री आम्ही डोळ्यांपुढे आणतो, तेव्हा ते उत्तर आम्हांला पुन्हा एकदा ऐकू येते, आणि आमच्या आळीतील बंद दारांकडे पाहण्याचे धैर्य होते.